बीजींची दहाची नोट

एका हातात चहाचा कागदी कप आणि दुसऱ्या हातात भज्यांची प्लेट होती, म्हणून मला वेळेवर मागं सरकता आलं नाही. नाहीतर पंचाहत्तरीच्या बाईला मी माझ्या बुटांना हात लावू दिला नसता. कॅलिफोर्नियातलं युबा सिटी, नोव्हेंबरचा पहिला रविवार, शिखांच्या नगरकीर्तनाच्या मिरवणुकीची वाट. रस्त्याकडेला घडीचं प्लास्टिकचं टेबल, त्यावर मोठं पातेलं, आणि ती डावानं कप भरभरून पुढं सरकवत होती. डोक्यावर पांढरी चुन्नी, कमीजवर बहुतेक नवऱ्याचा असावा असा करडा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी कप घेतला तसं तिनं सहज विचारलं, "कित्थों आए हो जी?" सॅक्रामेंटोहून, म्हटलं. ती हसली. तसं नाही, मूळच्या कुठल्या? महाराष्ट्र, म्हटलं. "बंबई," अशी मान डोलावून तिनं पुढच्याचा कप भरायला घेतला. तिथंच गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण सगळा महाराष्ट्र कुणी मुंबईत कोंबला की आम्हा मराठवाड्याच्या लोकांना राहवत नाही. मी म्हटलं, बंबई नाही बीजी, नांदेड.

डाव हवेतच राहिला. "हज़ूर साहिब?" आमच्या गावच्या गुरुद्वाऱ्याचं नाव. टेबलाला वळसा घालून ती बाहेर आली, माझा कोपर धरला आणि मला काही कळायच्या आत वाकून बुटाच्या टोकाला हात लावून तो कपाळाला लावला. ते बूट मी दोनच महिन्यांपूर्वी कॉस्टकोत घेतले होते. नांदेडची माती सोडा, त्यांनी आमच्या घरामागचं गवतसुद्धा धड तुडवलं नव्हतं. मी कसनुशी होऊन "नाही, नाही, अहो" असं मराठीतच म्हणत राहिले. मग माझा हात दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "रोज़ मत्था टेकदे सी?" लहानपणी, तिथं राहत होतीस तेव्हा, रोज जायचीस?

हांजी, म्हटलं मी.

एवढा एकच शब्द, पण तो तोंडातून गेल्यावर तिचा चेहरा जो झाला तो मला अजून आठवतो. ती कधी गेलेली नव्हती. पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली, मग मुलं, मग बागा, मग गुडघे. जालंधरपर्यंत जाणं झालं, पुढं दक्षिणेत उतरणं राहूनच गेलं. तिनं स्वेटरच्या आतून कापडी बटवा काढला, त्यातून चार घड्या घातलेली दहा डॉलरची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली. "मेरे वल्लों मत्था टेक देईं." माझ्याकडून तूच टेक. मागं रांगेत लोक चहासाठी खोळंबले होते, कुणीतरी "बीजी, चाह!" म्हणून हाक दिली, आणि ती परत पातेल्याकडे गेली. मी नाव विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर हायवे ९९ ला लागल्यावर मी मनातल्या मनात मोजायला बसले. आमचं घर सचखंडपासून, म्हणजे त्याच गुरुद्वाऱ्यापासून, चालत दहा मिनिटांवर. अठरा वर्षं मी त्या घरात राहिले. गेले किती वेळा? शाळेतून दोनदा नेलं होतं. दहावीच्या आणि बारावीच्या परीक्षेआधी आम्ही मैत्रिणी गेलो होतो, पण तशा आम्ही हनुमानालाही गेलो होतो, दर्ग्यालाही. बाकी सगळं पाहुण्यांच्या नावावर. लातूरची मावशी आली की चला गुरुद्वारा दाखवू. औरंगाबादचे काका आले की चला. पाहुण्यांना बस चुकली की वेळ काढायला चला. पंधरा-सोळा वेळा झालं असेल, फार तर वीस. आणि त्यातही नजर कशावर असायची तर कडाप्रसादावर. दोन्ही ओंजळी पुढं केल्या की तो गरम, तुपानं निथळणारा शिऱ्याचा गोळा हातावर यायचा. खाऊन झालं तरी तळवे चकचकत राहायचे आणि ते कुठं पुसायचे हा प्रश्न पडायचा. युनिफॉर्मच्या स्कर्टला आतल्या बाजूनं पुसलेलं तूप आईला धुताना बरोबर सापडायचं. "गेलतीस का गुरुद्वाऱ्यात?" एवढंच विचारायची.

शीख म्हणजे आमच्यासाठी कुणी लांबचे नव्हतेच. माझ्या बाकावर एक कौर बसायची. वर्गात तीन कौर होत्या, त्यामुळे बाईंनी त्यांना क्रमांक लावले होते. माझी दोन नंबरची. तिचं मराठी माझ्याहून चांगलं, शुद्धलेखनात पहिली, आणि घरी बोलायची ती दखनी हिंदी. पंजाबी तिला गुरुद्वाऱ्यापुरती यायची. पंजाबहून आलेल्या यात्रेकरूंनी तिच्याशी भराभर पंजाबीत बोलायला सुरुवात केली की ती आमच्याकडे बघून डोळे मिचकवायची. तिचे पूर्वज दोनेकशे वर्षांपूर्वी महाराजा रणजितसिंगांनी निजामाकडे पाठवलेल्या फौजेतून आले आणि इथलेच झाले. आज जो गुरुद्वारा आपण बघतो तोही त्याच काळातला, १८३२ ते १८३७ मध्ये रणजितसिंगांनी बांधवलेला. हे मला शाळेत असताना ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक की दसऱ्याला हल्लाबोल निघाला की आई आम्हाला ओढून ओट्यावर घ्यायची. निळ्या पगड्या, उपसलेल्या तलवारी, ढोल, आणि त्या सगळ्यात मधूनच चालणारे सजवलेले घोडे, ज्यांच्यावर कुणीच बसलेलं नसे. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले म्हणून त्यांच्यावर स्वार होत नाहीत, असं दोन नंबरच्या कौरनं मला सांगितलं होतं. रिकाम्या खोगिराकडे बघून मला भीती वाटायची. तलवारींची कधी वाटली नाही.

आता तो ओटाही नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी आली. १७०८ मध्ये गुरूंनी देह ठेवण्याआधी आमच्या गावात, गोदावरीच्या काठावर, यापुढं कुणी माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू, असं सांगितलं त्याला तीनशे वर्षं झाली, आणि नांदेडचा कायापालट सुरू झाला. रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, पूल झाले, आणि त्या रुंदीकरणात आमचा ओटा आणि पुढच्या खोलीचं अर्धं अंग गेलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर टाचणी हरवली तरी नोंद करणारे. ओट्याची भरपाई मिळाली ती त्यांच्या मते अपुरी होती, आणि त्याचा राग त्यांनी इतक्या वर्षांत सोडलेला नाही. "सगळं त्यांच्या गुरुद्वाऱ्यासाठी," असं ते म्हणतात, आणि मग त्याच रुंद रस्त्यावरून स्कूटर हाणत भाजी आणायला जातात. बोलायला जावं तर म्हणतात, मी कुठं काय म्हणालो.

तर असं माझं हज़ूर साहिब. आणि त्याच्या धुळीसाठी एक बाई माझ्या बुटाला हात लावते.

आम्ही युबा सिटीला गेलो ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सरदारजी मित्राच्या आग्रहानं. तो दरवर्षी म्हणायचा, या एकदा. सॅक्रामेंटोपासून तासाभराचं अंतर. सकाळी धुकं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना अक्रोडाच्या नि पीचच्या बागा, ओळीनं लावलेली झाडं, पानं झडत आलेली. एका बागेत गाडी लावायला सांगितली. उतरल्यावर ओल्या मातीचा वास आला आणि त्यातच तळणीचा. एवढ्याशा गावात लाखाच्या आसपास माणूस जमतो. पुढं झाडू घेऊन रस्ता झाडणारी माणसं, मग पंज प्यारे म्हणजे मानाचे पाच शीख, मग फुलांनी मढवलेल्या मोठ्या गाडीत ग्रंथसाहिब, मागं पालख्यांसारख्या सजवलेल्या गाड्या, नि दोन्ही बाजूंना खाण्याची टेबलं. खाणं म्हणजे काय म्हणाल! मक्याची रोटी, साग, छोले, जिलबी, उसाचा रस हे ठीक. पण पिझ्झा होता, टाको होते, एका ठिकाणी पोरं नूडल्स वाटत होती. सगळं फुकट, आणि 'नको' म्हटलं तर वाढणाऱ्याचा चेहरा उतरतो. पंढरीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांना भाकरी-पिठलं खाऊ घालणारे जसे हातावर हात ठेवून आग्रह करतात, तसंच. एका टेबलावर पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला पगडी बांधून देत होती. नवऱ्यानं हौसेनं केशरी बांधून घेतली. पुण्याचा माणूस, आरशात बघून म्हणाला, ही जरा सैल वाटते.

मी तिथं जाईपर्यंत मला माहीत नव्हतं की हे नगरकीर्तन नेमकं कशाचं आहे. वैशाखी नाही, गुरु नानक जयंती नाही. मित्र म्हणाला, अरे, तुमच्याच गावची गोष्ट आहे. ग्रंथाला गुरुगादी मिळाली त्याचा हा सोहळा, १९८० पासून चालू आहे. माझ्या जन्मगावात घडलेल्या गोष्टीची मिरवणूक मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पगडीवाल्या मेक्सिकन नाकाडोळ्यांच्या एका म्हाताऱ्याशेजारी उभी राहून बघत होते.

तो म्हातारा खरंच तसा होता. मित्रानं नंतर सांगितलं ते त्याच्या आजोबांच्या पिढीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी इकडे आले, लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर, मग बागांमध्ये राबले. १९१३ च्या कायद्यानं कॅलिफोर्नियात त्यांना जमीन घेता येईना, १९१७ च्या कायद्यानं नव्या माणसांना दार बंद झालं, बायका गावाकडेच राहिल्या. भगतसिंग थिंद हे तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात पगडी घालून राहिलेले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना, तुम्ही गोरे नाही, सबब नागरिक नाही, असं सांगितलं. मग कितीतरी जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. मुलांची नावं होजे सिंग, मारिया सिंग अशी. जमिनी कुठं मुलांच्या नावावर, कुठं ओळखीच्या गोऱ्याच्या नावावर. १९४६ नंतर दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसं. खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ नंतर. तोवर साऱ्या देशात देऊळ म्हणावं असं ठिकाण बराच काळ एकच, १९१२ चा स्टॉकटनचा गुरुद्वारा. लोक शंभर-दीडशे मैल गाडी चालवत तिथं यायचे, आणि देवासाठी जितके यायचे तितकेच पत्रांसाठी, पंजाबी बोलायला मिळावं म्हणून.

एका गाडीवर गदरी बाबांचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांचे, फोटो लावले होते. बहुतेक पगडीवाले, दाढीवाले, आणि त्यांच्यात एक बोडका, कोवळा चेहरा. खाली गुरुमुखीत नाव. मला गुरुमुखी वाचता येत नाही, पण मित्रानं वाचलं, "विष्णु गणेश पिंगळे." हे आपले तळेगाव ढमढेऱ्याचे. इंजिनीयर व्हायला अमेरिकेत आले, गदरात शिरले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांच्या बरोबर फासावर गेले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्या कार्यक्रमात मी त्यांचा फोटो बघितल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे मंडळात मुख्य वाद गणपतीला जेवण कुणाकडून मागवायचं हाच असतो. अर्थात त्यांच्याकडेही वाद कमी नाहीत. कॅनडातल्या सरे गावी १९९७ मध्ये लंगरात टेबल-खुर्च्या असाव्यात की सगळ्यांनी जमिनीवर बसावं यावरून गुरुद्वाऱ्यातच रक्त निघेपर्यंत मारामारी झाली, आणि पुढच्या वर्षी अमृतसरहून अकाल तख्ताचा, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचा, हुकूम आला की जमिनीवरच. सांगताना मित्र हसत होता. म्हणाला, आमच्यात एक गुरुद्वारा म्हणजे दोन कमिट्या आणि तीन वकील.

हसण्यासारखं नसलेलंही होतं. गेटाशी शेरीफची गाडी उभी होती. २०१२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एका रविवारी सकाळी एक जण बंदूक घेऊन शिरला. सहा माणसं तिथंच गेली. लंगराचा स्वयंपाक करणाऱ्या बायका कोठीच्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. त्याआधी २००१ मध्ये, ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी, ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपासमोर गोळ्या घातल्या. त्यांची चूक एवढीच की पगडी होती. ही पगडी काढून ठेवली तर उद्यापासून कुणी वळून बघणार नाही हे त्यांना माहीत असतं आणि तरी रोज सकाळी आरशापुढं उभं राहून ते सहा-सात वार कापड बांधतात. मी इथं येऊन दुसऱ्या वर्षी मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. कुणी काही म्हणालं नव्हतं. उगीच प्रश्न नकोत म्हणून.

आणि एक गोष्ट, जी लिहावी की नाही असं दोनदा वाटलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका गावी आम्ही लंगरात जेवायला बसलो होतो. भिंतीवर शहिदांचे फोटो होते. नवरा वर बघता बघता थांबला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तो सात वर्षांचा होता. सुवर्णमंदिरातल्या १९८४ च्या लष्करी कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्यात भर रस्त्यावर, गाडीत, गोळ्या घातल्या त्या दिवशी त्याच्या वडिलांनी पोरांना खेळायला बाहेर सोडलं नव्हतं. मारणाऱ्या दोघांना पुढं १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. ते दोघे त्या भिंतीवर हार घालून होते. त्याच्या हातात रोटीचा तुकडा होता. लंगरात ताटात टाकायचं नाही, तेवढं त्याला माहीत. त्यानं खाली मान घालून सगळं संपवलं आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ गाडी सुरू केली नाही. घरी आल्यावर त्यानं हे मित्राला सांगितलं नाही. पण पुढं कधीतरी नोव्हेंबरातच, दोघं एका गाडीतून ऑफिसला जाताना मित्र आपण होऊन म्हणाला, माझे मामा दिल्लीत त्रिलोकपुरीत राहायचे, १९८४ मध्ये. त्यापुढं तो काही बोलला नाही. नवऱ्यानंही विचारलं नाही. दोघं अजून एकाच गाडीतून जातात. युबा सिटीत त्या दिवशीही एका बाजूला १९८४ च्या शीख हत्याकांडाचे फलक होते, घोषणा होत्या. नोव्हेंबरचा पहिला रविवार त्या दिवसांना किती चिकटून येतो हे मला तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं. नवरा त्या बाजूला गेला नाही. पगडी मात्र त्यानं दिवसभर काढली नाही.

दुपारी आम्ही दिवाणात, म्हणजे कीर्तनाच्या हॉलमध्ये, जाऊन बसलो. पाय दुखत होते, पांढऱ्या चादरीवर बसल्यावर बरं वाटलं. रागी गात होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर शब्द येत होते, गुरुमुखीत, खाली रोमन अक्षरांत, त्याखाली इंग्रजी अर्थ. माझी मुलगी सातवीत आहे. रविवारच्या मराठी शाळेला जायचं म्हटलं की तिचं पोट दुखतं. ती रोमन अक्षरं पुटपुटत वाचत होती आणि एकदम माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, हे मराठी आहे का?" मी वर बघितलं. 'आनीले कुंभ भराईले ऊदक.' आणिले, भरविले, उदक. अंगावर काटा आला म्हणणं सोपं आहे. खरं तर मला आधी ओशाळल्यासारखं झालं, की हे तिनं ओळखलं, मी नाही. नामदेवांचं पद. ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत हे मला पाठ होतं, सामान्यज्ञानाच्या प्रश्नासारखं. २०१५ ला घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा बाबा सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरपर्यंत जाऊन तिथून पुढं गेले होते, आणि आल्यावर महिनाभर फक्त लस्सीच्या पेल्याचा आकार सांगत होते. पण पद मी कधी ऐकलं नव्हतं. पोर पतंग उडवतं, मित्रांशी गप्पा मारतं, पण चित्त दोरीवर. बायका पाणी भरून आणतात, हसतात, टाळ्या देतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासराशी. आई घरात-बाहेर कामात, चित्त पाळण्यातल्या लेकराशी. हॉलभर बसलेल्या ट्रकवाल्यांनी, बागवाल्यांनी, नर्सांनी, आयटीवाल्यांनी डोळे मिटले होते. त्यांचं वासरू कुठं आहे ते उघड होतं. मी माझं शोधत होते, तर डोळ्यांपुढं सचखंड आलं नाही, विठोबाही आला नाही. आला तो आमचा पाडलेला ओटा.

बाहेर आल्यावर चपला-बूट सांभाळणाऱ्या एका विशीतल्या मुलीनं, मी नांदेडची म्हटल्यावर, तिच्या अमेरिकन पंजाबीत विचारलं, तिकडे म्हणे दिवे ओवाळून आरती करतात, खरं का? खरं, म्हटलं. शस्त्रांना चंदन लावतात? लावतात. तिनं भुवया उंचावल्या. "डॅडी म्हणतात हे मर्यादेत बसत नाही." मर्यादा म्हणजे शिखांचे आचारनियम. मला एकदम माझी दोन नंबरची कौर आठवली, नि तिची बाजू घेऊन भांडावंसं वाटलं. तुमच्या पाच तख्तांपैकी दोन पंजाबबाहेर आहेत, पाटण्याला नि आमच्याकडे. गुरू जन्मले पाटण्याला, देह ठेवला गोदावरीकाठी. ज्या मातीला तुम्ही इथून हात जोडता तिथली माणसं दिवे ओवाळतात, आमच्यासारखंच मराठी बोलतात, आणि त्यांनाही घर सोडून दोनशे वर्षं झाली आहेत. पण मी कोण हे सांगणारी? पंधरा-सोळा वेळा गेलेली. मी बूट घातले.

डिसेंबरात आठ दिवसांसाठी नांदेडला गेले. नोट पासपोर्टच्या कप्प्यात होती. पहिल्या दिवशी वेळेच्या गोंधळानं तीनलाच जाग आली, तेव्हा शाल घेऊन चालत निघाले. रोज मध्यरात्रीनंतर गागरिया सिंघ गोदावरीवरून घागर भरून आणतो, त्या पाण्यानं तख्ताला स्नान घालतात. लहानपणापासून ऐकलं होतं, बघितलं कधीच नव्हतं, आणि त्या दिवशीही उशीरच झाला. मी पोचले तेव्हा आत पाठ चालू होता. संगमरवर इतका गार की पाय उचलून उचलून टाकावे लागले. आधी बीजींच्या वतीनं डोकं टेकलं, मग माझ्या. नोटेची पावती करावी म्हणून खिडकीशी गेले. आतल्या सरदारजींनी नोट उलटसुलट करून बघितली आणि मराठीत विचारलं, "कुणाच्या नावानं करू, ताई?" मला सांगता येईना. युबा सिटीच्या एक आजी आहेत, म्हटलं, चहा देतात. त्यांनी नोट परत माझ्याकडे सरकवली. "मग गोलकीत, दानपेटीत टाका. त्याला नाव लागत नाही."

दुसऱ्या दिवशी परत गेले. मनात हिशेब होता तो सांगायला लाज वाटते: आठ दिवस रोज गेले तर ते 'हांजी' निदान एवढ्यापुरतं तरी खरं होईल. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, थांब, अंधारात एकटी नको जाऊ, मी सोडतो. स्कूटरवर मागं बसले. त्या रुंद रस्त्यानं तीन मिनिटांत पोचलो. बाबा तेवढ्यातही भरपाईवर बोललेच. आत आले नाहीत. चपला ठेवायच्या जोडाघरापाशी बसले आणि मी बाहेर आले तर तिथल्या म्हाताऱ्या सेवादाराशी पेन्शनवर बोलत होते, डोक्याला रुमाल बांधून. बाहेर बसायला रुमाल लागत नाही, पण त्यांनी बांधला होता.

चौथ्या दिवशी मला जागच आली नाही. पाचव्या दिवशी मावशी आली. मग राहिलंच.

आता पुन्हा नोव्हेंबर येतोय. जायचं ठरलंय, नवरा म्हणतो या वेळी पगडी घट्ट बांधून घेतो. पण त्या वाटेवर चहाची टेबलं दर वीस पावलांवर असतात, आणि प्रत्येक टेबलामागं पांढऱ्या चुन्नीतली एक बीजी. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. करडा स्वेटर आठवतो, दुमडलेल्या बाह्या आठवतात, हाताला आलेला वेलचीचा वास. सापडली तर सांगायचं आहे: पैसे पोचले, मत्था टेकला. आणि बीजी, रोज नाही. तीन दिवस.